आनातोलचं डुक्कर, बेझिलचं सरकार

माझं घर हुरी भावांच्या दोन घरांच्या बरोबर मधे. भिंती बांबूच्या. डावीकडे बेझिल शिंकला की उजवीकडे आनातोल त्याच्याहून मोठ्यानं शिंकतो, आणि दोन्ही शिंका येतात माझ्याच कानात. चाळीस वर्षं हेच ऐकतोय. बायको म्हणते घर हलवू या. मी म्हणतो, वेडी आहेस का, एवढी करमणूक फुकटात कुठल्या गावात मिळते?

मला लिहायचंय ते बेझिलबद्दल. आनातोलबद्दल आधी लिहिलं असतं तर बेझिलनं मला जगू दिलं नसतं, हे एक कारण. दुसरं असं, की आमच्या देशाला स्वातंत्र्य कसं मिळालं हे थोरामोठ्यांनी लिहून ठेवलंय, पण ते मिळाल्यामुळे बेझिलच्या पोटात किती दुखलं हे कुणीच लिहिलेलं नाही.

दोघांचा बाप म्हातारा हुरी मोठा धोरणी माणूस होता. तेव्हा आमच्या बेटांवर एकाच वेळी दोन सरकारं राज्य करायची, इंग्रजांचं आणि फ्रेंचांचं. पोलीस दोन, तुरुंग दोन, दवाखाने दोन, शाळा दोन. समुद्र तेवढा एकच, तोही वाटून घेता आला नाही म्हणून. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात. हुरीनं विचार केला, एकाऐवजी दोन पाहुणे पाठवले तर? थोरल्याला, आनातोलला, त्यानं फ्रेंच पाद्र्यांच्या शाळेत घातलं आणि धाकट्या बेझिलला इंग्रजांच्या. कुठलंही सरकार टिकलं तरी घरातला एक जण जेवेल.

जेवला आनातोल. दुपारी शाळेतून यायचा तो हातभर लांब पाव काखेत मारून. बेझिलला शाळेतून मिळायची स्तोत्रं. आनातोल ओट्यावर बसून पावाचा कडक शेंडा कुरकुर वाजवत खायचा आणि बेझिल समोर उभा राहून देवाची करुणा गायचा. मी दोघांच्या मधे बसून आनातोलकडून पावाचा तुकडा आणि बेझिलकडून स्तोत्राची चाल उचलायचो. तेव्हापासून माझा धंदा हाच.

मोठे झाल्यावर दोघेही कारभारी झाले. आनातोल फ्रेंच साहेबाचा गावातला माणूस आणि बेझिल इंग्रज साहेबाचा. बेझिलला टोपी मिळाली, तिच्यावर पितळेचा बिल्ला. आनातोललाही टोपी मिळाली, तिला बिल्ला नव्हता पण पुढे चोच होती. बेझिल म्हणायचा, "चोच काय, कोंबडीलाही असते." पण दुपारच्या उन्हात आनातोलच्या डोळ्यांवर सावली पडायची ना, ती बेझिलच्या डोळ्यांत खुपायची.

साहेब लोक फेरीवर येत तेव्हा मैदानात दोन काठ्या रोवून दोन झेंडे लावायची रीत होती. दोन्ही एका उंचीचे हवेत, हा सरकारी दंडक. एका वर्षी बेझिलनं आपल्या काठीच्या बुडाखाली वीतभर माती भरली. फ्रेंच साहेब बोटीतून उतरला, त्यानं एक डोळा मिटून बघितलं आणि लाल झाला. फीत मागवली. मोजलं. आनातोलची काठी वाढवायला दुसरा बांबू नव्हता म्हणून बेझिलची कापली. ती जरा जास्त कापली गेली. मग आनातोलची कापली. संध्याकाळपर्यंत दोन साम्राज्यांचे झेंडे आमच्या शेळीच्या शिंगांशी लागले होते. शेळीनं त्यातला एक चाटलासुद्धा. कुठला ते मी सांगणार नाही, दोघंही भाऊ अजून जिवंत आहेत.

असं चाललं होतं. मग एकोणऐंशीच्या नोव्हेंबरात निवडणूक झाली आणि दोन्ही साहेबांनी घरी जायचं हे पक्कं झालं. बेझिलचा पक्ष जिंकला, आनातोलचा हरला. बेझिल त्या निवडणुकीसाठी पायांची सालं निघेपर्यंत डोंगर चढला होता, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगतो. पक्षानं त्याची आठवण ठेवली. नव्या देशात गावागावांची जी पंचायत बसणार होती, तिच्यावर आमच्या गावाचा माणूस म्हणून बेझिल हुरी. शिक्का मारलेलं पत्र आलं. त्यानं ते भिंतीवर लावलं, बाहेरच्या बाजूनं, आनातोलच्या घराकडे तोंड करून. मधे माझं घर असल्यामुळे सहा महिने ते फक्त मीच वाचलं.

"दादा काय म्हणाला?" बेझिल मला रोज विचारायचा.

"काही नाही म्हणाला."

"काहीच नाही? जळत असेल."

"तारोचे कंद सोलत होता."

"आतून जळत असेल," बेझिल म्हणायचा आणि त्याला त्या रात्री झोप चांगली लागायची.

स्वातंत्र्याचा दिवस तीस जुलै ठरला. त्याच महिन्यात राजधानीहून होडीनं झेंडा आला. आमचा, नवा. लाल, हिरवा, काळा, त्यात पिवळी रेघ. काळ्या भागात डुकराचा पूर्ण गोल वळलेला सुळा आणि सुळ्याच्या आत नामेले झाडाची दोन पानं. पंचायतीचा माणूस म्हणून तो बेझिलच्या ताब्यात. बेझिलनं तो उशीखाली ठेवला, मग उशी पुरेशी मऊ नाही म्हणून बायकोची, हिल्डाची, उशी काढून दोन उशांच्या मधे ठेवला. हिल्डा मला म्हणाली, "तीस जुलैपर्यंत मी लाकडावर डोकं ठेवून झोपायचं. स्वातंत्र्य कुणाला मिळतंय, भाऊजी?"

आता झेंडा उशीत होता, काठी नवी तोडून आणली होती, प्रश्न उरला तो चढवणार कोण. बेझिलच्या मते प्रश्न नव्हताच. तो घरात हिल्डाच्या ओढणीवर दोरी ओढायचा सराव करत होता. मी फटीतून बघत होतो. ओढणी वर गेली की तो मागे सरून छातीवर हात ठेवायचा आणि डोळ्यांत पाणी आणायचा. तिसऱ्या खेपेला खरंच आलं.

पण गावचा मुखिया म्हातारा तोआ. नकमालमध्ये, म्हणजे आमच्या पुरुषांच्या बैठकीच्या घरात, सगळे जमले आणि तोआ म्हणाला, "झेंड्यावर काय काढलंय?"

"सुळा, आबा," आम्ही म्हणालो.

"अर्धा की पुरा?"

"पुरा. गोल."

"मग पुऱ्या सुळ्याचं डुक्कर जो त्या दिवशी मारेल तो झेंडा चढवेल. आपल्याकडे मोठेपण डुक्कर मारून येतं. पत्रावर शिक्का मारून येत नाही."

बेझिलचा चेहरा शिजवलेल्या केळफुलासारखा झाला. कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं, पुऱ्या सुळ्याचं डुक्कर एकच आणि ते आनातोलचं.

डुकराचा असा सुळा आपोआप होत नाही. लहानपणी वरचे दात काढावे लागतात, मग खालचा सुळा वाढतो, वळतो आणि सहा-सात वर्षांत फिरून परत जबड्याला भिडतो. तोवर त्याला उकरू द्यायचं नाही, कुंपणावर घासू द्यायचं नाही, उकडलेला तारो आणि खोबरं हातानं भरवायचं. आनातोलनं त्याचं नाव जनरल ठेवलं होतं आणि त्याच्याशी तो फ्रेंचमध्ये बोलायचा. स्वतःच्या बायकोशी, ओडिलशी, तो एवढं गोड बोललेला मी ऐकलेला नाही, आणि माझी भिंत बांबूची आहे.

बेझिलचंही एक डुक्कर होतं. चांगलं होतं, हिल्डानं पोटच्या पोरासारखं वाढवलेलं. पण त्याचा सुळा भिडायला एक बोट कमी. एकच बोट. सात महिने थांबला असता देश तर भिडला असता.

"साहेबांना आणखी एक वर्ष थांबवता येणार नाही का?" बेझिलनं मला विचारलं. पायांची सालं काढून साहेबांना घालवणारा माणूस हा.

"विचारून बघ. कारण काय देशील?"

त्यानं कारणाचा खरंच विचार केला, मग माझ्याकडे बघून थुंकला.

त्यानंतरचे दोन दिवस तो रोज सकाळी माझ्या अंगणातून जनरलकडे बघत उभा राहायचा. डुकरावर माणूस असा जळू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. म्हणायचा, "बघ कसा बसलाय. माज बघ त्याचा." जनरल झोपलेला असायचा. म्हणायचा, "याची आजी आपल्या आईची होती. म्हणजे निम्मा हा माझा." मी म्हणालो, "कुठला निम्मा? सुळ्याकडचा का?" तो हसला नाही. बेझिल हसला नाही तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तिसऱ्या सकाळी जनरलच्या कुंपणाच्या दाराला नामेलेचं पान खोचलेलं होतं.

नामेलेचं पान खोचलं म्हणजे बंदी. ज्याला मान आहे अशा माणसानं ते लावायचं, आणि एकदा लागलं की त्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही. नारळाच्या बागेला लागलं तर पडलेला नारळही उचलायचा नाही. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं, आणि उगाच लावलं असं ठरलं तर दंड एक डुक्कर, तेही साधं नाही, घरातलं सर्वांत चांगलं. दोन साम्राज्यांचे कायदे आमच्या लोकांनी दोन हातांनी मोडले, पण पान मोडलेलं मी पाहिलं नाही.

"जमिनीचा आणि जनावराचा वाद आहे," बेझिलनं जाहीर केलं. "आईच्या डुकरिणीचा नातू. निकाल लागेपर्यंत बंदी."

आनातोल बाहेर आला. हातात तारोची टोपली. पान बघितलं आणि टोपली खाली ठेवली. तो शिव्या देईल म्हणून मी बसायला पाट घेतला होता. पण तो फक्त म्हणाला, "बेझिल, याला कोण भरवणार?"

"बंदी म्हणजे बंदी, दादा."

"याला वरचे दात नाहीत रे. हा स्वतः खाऊ शकत नाही."

बेझिलचं तोंड उघडं राहिलं. त्याला फक्त मारण्यावर बंदी घालायची होती. भरवण्याचं डोक्यातच आलं नव्हतं. हा घोटाळा दुसरीकडे कुठं झाला नसता, आमच्याकडेच व्हायचा. पण चारचौघांत पान लावून चार श्वासांत काढायचं म्हणजे बावळट ठरायचं, वर आपलंच डुक्कर जायचं. तो मान ताठ ठेवून घरात गेला. मागून हिल्डाचा आवाज आला, "माणसं माणसांवर जळतात. तुम्ही डुकरावर जळता. आता ते मेलं की कुणावर जळाल?"

आनातोलनं पायात चपला घातल्या आणि तो फ्रेंच साहेबाच्या ठाण्यावर गेला. चार तासांची वाट. जाताना चोचीची टोपी घालून गेला, येताना ती हातात होती.

ओडिलनं विचारलं, "काय म्हणाला साहेब?"

"साहेब पेट्या भरत होता. म्हणाला, आमचं काम संपलं. मी म्हणालो, अजून आठ दिवस आहेत. म्हणाला, आठ दिवसांत मला ताटल्या गुंडाळायच्यात. तक्रार असेल तर तुमच्या नव्या सरकारकडे जा."

"नवं सरकार कुठंय?"

आनातोलनं माझ्या भिंतीकडे हात केला. म्हणजे माझ्या भिंतीपलीकडे.

दुसऱ्या दिवशी नकमालमध्ये बेझिल पंचायतीची पहिली बैठक घेऊन बसला होता. बिस्किटांच्या रिकाम्या पेटीवर. समोर वही. अर्ध्याअधिक गावानं नुसती वही बघायला गर्दी केली होती. आनातोल दारात आला, वाकला, आणि म्हणाला, "सरकार आहे का घरात?"

हशा पिकला. बेझिलनं पेन्सिल वहीवर ठेवली.

"काय आहे?"

"तक्रार आहे, सरकार. माझ्या भावानं माझ्या डुकराला पान लावलंय. डुक्कर दोन दिवस उपाशी आहे. माझा भाऊ मोठा माणूस आहे, नव्या सरकारात आहे. मी हरलेल्या बाजूचा. मला न्याय मिळेल का?"

"नाव?" बेझिल म्हणाला. त्याला दुसरं काही सुचलं नसावं.

"कुणाचं, माझं? आईला विचार."

आता नकमालमध्ये लोक एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होते. बेझिलच्या कानांच्या पाळ्या थरथरत होत्या. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, आणि साहेबाच्या आवाजात म्हणाला, "सरकार विचार करील. सोमवारी या."

हसणं थांबलं. तोआ म्हातारा कोपऱ्यात बसला होता. तो हळू म्हणाला, "इंग्रज सोमवारी म्हणायचा. फ्रेंच सोमवारी म्हणायचा. मग त्यांना कशाला घालवलं रे पोरा? त्यांच्याकडे निदान बोट तरी होती."

बेझिल वही घेऊन उठला आणि बाहेर गेला.

संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. उजवीकडून जनरलचा आवाज येत होता. आधी तो ओरडायचा, आता नुसता कण्हत होता, आणि मधूनच खांबावर सुळा घासल्याचा खर्रखर्र आवाज. भुकेनं खांब कुरतडायला बघत होता.

"बुले," बेझिल मला म्हणाला, "मी पान काढलं तर माझं डुक्कर जातं. झेंडा दादा चढवतो. माझ्याकडे काय उरतं?"

"वही."

"तू चेष्टा सोडून काही बोलतोस का?"

बोललो. आता जे बोललो ते खरं नव्हतं, पण मी शेजारी आहे, पाद्री नाही. म्हणालो, "मी ओढ्यापलीकडे गेलो होतो, नामारेत. त्यांच्यात आनंदीआनंद आहे."

"कशाचा?"

"त्यांना कळलंय, जनरल सुळा घासतोय. आज-उद्या तुटेल. मग आपल्या गावात पुऱ्या सुळ्याचं डुक्करच नाही. त्यांचा तो जाड्या दिंगो आहे ना, त्याच्याकडे आहे. तोआ आबांना त्यालाच बोलवावं लागेल. तो नवी चड्डी शिवायला टाकून आलाय, झेंडा चढवायला."

"आपल्या मैदानात? दिंगो?"

"झेंडाही म्हणे त्यालाच ठेवायला देणार. त्याच्याकडे कापसाची उशी आहे."

बेझिल उठला. भावाचा हेवा त्याला चाळीस वर्षं पुरला होता, पण नामारेचा हेवा आम्हांला आजोबांपासून आहे. तो त्याच पावली आनातोलच्या अंगणात गेला आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडला, "तोआ आबांना बोलवा! सरकारचा निकाल झालाय!"

लोक धावले. तोआला दोघांनी धरून आणलं. बेझिल कुंपणाच्या दारापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "तक्रारदार आनातोल हुरी. त्याचा भाऊ बेझिल हुरी यानं त्याच्या डुकराला पान लावलं. कारण सांगितलं आईची डुकरीण. ते खोटं. खरं कारण..." इथं त्यानं कुंपणाच्या फटीतून जनरलकडे बघितलं. "खरं कारण वहीत लिहिण्यासारखं नाही. भावानं पान काढावं. दंड रीतीप्रमाणे." आणि त्यानं स्वतःच पुढे होऊन पान उपटलं.

आनातोल तारोची टोपली घेऊन त्याला ढकलूनच आत गेला.

दंडाचं डुक्कर बेझिलनं स्वतः दोरी धरून आणलं. हिल्डा घरातून बाहेर आली नाही. पाच वर्षं तिनं त्याला भरवलं होतं, आणि जाताना ते वळून वळून त्या दाराकडे बघत होतं. माझी बायको तिच्याजवळ जाऊन बसली. आत रडणं चाललं होतं, त्यात मधेच "दोन उशा, दोन उशा" असं ऐकू येत होतं.

बेझिलनं दोरी आनातोलच्या हातात दिली. "घे."

आनातोलनं डुकराचा ओठ वर केला, सुळ्यावर बोट ठेवलं. "एक बोट कमी आहे," म्हणाला.

मला वाटलं, झालं, आता दोघांत एक मरणार. पण बेझिल म्हणाला, "सात महिन्यांत भिडेल. खोबरं जास्त घाल."

तीस जुलैला सकाळी मैदानात आख्खं गाव जमलं. शंख फुंकले गेले. बायका लाल नक्षीच्या चटया पांघरून आल्या. ओडिल पुढे होती, हिल्डा तिच्यापासून बरोबर दोन माणसं मागे. आनातोलनं नाचत मैदानाला फेरी घातली आणि एका सोट्यात जनरलला आडवं केलं. मग तो उभ्या उभ्या रडला, आणि फ्रेंचमध्ये काय पुटपुटला ते मला कळलं नाही. सुळा पुरा होता, कुठं तडा नाही. तोआनं हात वर केला. म्हणजे झेंडा आणा.

बेझिल झेंडा घेऊन पुढे आला. दोन्ही तळव्यांवर, घडी घातलेला, जसा काही त्यात पाणी आहे. आनातोलनं हात पुढे केले. बेझिलनं झेंडा दिला.

म्हणजे दिला असं सगळ्यांना वाटलं. पण त्याची बोटं सुटेनात. आनातोलनं ओढला. बेझिलनं धरून ठेवला. आनातोलनं जास्त ओढला. बेझिलच्या कपाळाला घाम. तो डोळ्यांनी हातांना सांगत होता सोडा म्हणून, मी बघत होतो, पण हात ऐकत नव्हते. देशाचा पहिला झेंडा दोघांच्या मधे ताठ झाला.

"फाटेल रे मुडद्यांनो!" तोआ ओरडला. "एकच आलाय!"

बेझिलनं सोडला. आनातोल दोन पावलं मागे गेला, पण पडला नाही. मग त्यानं दोरीला झेंडा बांधला आणि चढवला. वारा होता. सुळा आणि पानं वर उघडली. आता खोटं कशाला बोलू, मी चेष्टा शोधत होतो आणि मला सापडत नव्हती.

बेझिल माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "गाठ बघितलीस?" तो कुजबुजला.

"काय झालं गाठीला?"

"डुकराची गाठ मारलीय. झेंड्याला डुकराची गाठ! दुपारपर्यंत खाली येतोय बघ."

दिवसभर सगळे खात होते, नाचत होते. बेझिलला मी तीनदा मांसाचं पान नेऊन दिलं. त्यानं जनरलचं मांस खाल्लं नाही, यामचा कंद तेवढा खाल्ला. काठीपासून दहा पावलांवर, मान वर करून, तो गाठीकडे बघत बसला होता. दुपार झाली. झेंडा तिथंच. ऊन उतरलं. झेंडा तिथंच. मधे एकदा जोराचा वारा आला तेव्हा तो अर्धा उठला होता, मग परत बसला.

आनातोल मात्र त्या दिवसाचा राजा. प्रत्येक जण त्याला करवंटीतून कावा, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं आमचं गुंगीचं पेय, पाजत होता, आणि तो कुणाला नाही म्हणत नव्हता. कावा डोक्यात नाही, पायांत उतरतो. पाचच्या सुमाराला तो फणसाखाली पाय पसरून बसला आणि त्याच्या तोंडावर असं हसू होतं की हाक मारायची कुणाला छाती झाली नाही.

मग सूर्य टेकला. एकदम कुणाच्या तरी लक्षात आलं की झेंडा वरच आहे, आणि सूर्य बुडायच्या आत तो उतरवायला हवा. साहेबांच्या वेळी ते साहेबांचे पोलीस करायचे. आपलं आपण कुणी करायचं याचा तोआनंही निवाडा दिला नव्हता. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आनातोल घोरत होता.

बेझिल उठला. चड्डीची माती झटकली. केस हातानं बसवले. सकाळी आनातोल चालला होता त्याच्या निम्म्या वेगानं तो काठीपाशी गेला, इतका सावकाश की नाचणारे थांबले, बायका उठून उभ्या राहिल्या. त्यानं ती गाठ सोडली. सुटायला त्रास झाला, घट्ट होती, दात लावावे लागले. आणि एक-एक वीत, एक-एक वीत करत झेंडा त्यानं खाली आणला. जमिनीला टेकू दिला नाही. घडी घातली. मग मागे सरला आणि छातीवर हात ठेवला.

हिल्डा त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

परत येताना तो माझ्यापाशी थांबला. "चढवायचं काय," तो म्हणाला, "जोर असला की कुणीही चढवतं. उतरवायला सरकारचा माणूस लागतो."

सकाळी मी दात घासत होतो तर उजवीकडचं दार धाडकन उघडलं. आनातोल बाहेर, डोळे लाल, केस उभे.

"बुले! काल झेंडा कुणी उतरवला?"

"बेझिलनं."

"कुणाला विचारून?"

"तू झोपला होतास."

"मग उठवायचं! मी चढवलेला झेंडा, त्याला हात लावणारा तो कोण?" तो माझ्या अंगणात येऊन येरझाऱ्या घालायला लागला. "लोक काय म्हणाले? सगळे उभे राहिले म्हणे? मी चढवला तेव्हा तर निम्मे बसलेच होते. खरं का?"

"खरं," मी म्हणालो.

डावीकडच्या भिंतीमागे कुणीतरी श्वास रोखून उभं होतं. मी तोंडातलं पाणी सावकाश थुंकलं आणि आवाज जरा चढवून म्हणालो, "बायकासुद्धा उठल्या, आनातोल. सगळ्या."